अक्कलकोटात कॉफी मागताना

स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन माणूस हॉटेलात टेकतो आणि म्हणतो, "एक कॉफी द्या." शेजारी कलबुर्गीकडचं कुटुंब असेल तर तिथून "ओंदु कॉफी कोड्री" ऐकू येतं. सोलापूरच्या तेलुगू घरातली मंडळी आपसांत "ओक कॉफी इव्वंडी" म्हणतील, दखनी बोलणारा "एक कॉफी देओ" म्हणेल. आता शब्द सोडा, क्रम बघा. आधी आकडा, मग वस्तू, शेवटी क्रियापद, आणि आदर त्या क्रियापदाच्या शेपटाला.

मराठी आणि दखनी एका कुळातल्या, कन्नड आणि तेलुगू द्राविडी. रक्ताच्या नात्याने मराठीला कन्नडपेक्षा इंग्रजी जवळची! तरी इंग्रजीत 'मी' कर्ता होऊन कॉफी मागतो, आणि इथे चौघांचाही 'मी' चतुर्थीत जाऊन बसतो: मला कॉफी पाहिजे, ननगे कॉफी बेकु, नाकु कॉफी कावाली, मेरेकु कॉफी होना. मागणारा काही करतच नाही. गरज त्याच्याकडे चालून येते. दखनीतलं ते 'होना' दिल्लीच्या माणसाला कोड्यात टाकेल. तिचा 'नक्को' मात्र सरळ आपला 'नको'.

मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं, की शेजारधर्माने भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांची घडण सारखी होत गेली आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपण भाषेवरून राज्यं वेगळी केली. पुढे १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका कर्नाटकात घालावा असं सुचवलं; तो राहिला महाराष्ट्रातच. आणि १९७१ मध्ये गम्पर्झ आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास छापला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू इतक्या जवळ आल्या होत्या, की शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं तरी वाक्य बिनचूक उतरायचं. शेतात, बाजारात रोज दोन-तीन भाषा बोलायच्या, तर प्रत्येकीचं वेगळं व्याकरण डोक्यात कोण वागवणार? शब्द मात्र लोकांनी सोडले नाहीत. घर कोणतं, जात कोणती, हे त्यांवरूनच कळायचं.

मला सर्वांत नवल वाटतं ते 'आपण' आणि 'आम्ही'चं. "आपण कॉफी घेऊ" म्हटलं तर समोरच्यालाही बोलावणं आहे. "आम्ही कॉफी घेतो" म्हटलं तर त्याने आपली वाट धरावी. तेलुगूत हाच भेद 'मनमु' आणि 'मेमु' असा आहे. हिंदीचा 'हम' याबाबत मुका. हे द्राविडी वळण मराठीने उचललं, जिवापाड जपलं, आणि खुद्द द्राविडी कन्नडने ते केव्हाच टाकून दिलं. आजच्या कन्नडात दोन्हींना एकच 'नावु'. तेव्हा कलबुर्गीकर "नावु कॉफी कुडितीवि" म्हणाले, तर आपल्यालाही बोलावलंय का, हे 'नावु'वरून कळत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघूनच ठरवावं लागतं.