वाळूवरचे तीस हिवाळे

पळस्पे फाट्यावर पनवेलकडून आलात की पुण्याचा जुना रस्ता सरळ पुढे जातो आणि गोव्याचा उजवीकडे वळतो. या वळणावरच आमचं गाव. पूर्वी या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणायचे, आता तो ६६ आहे. कागदावर तो कन्याकुमारीपर्यंत जातो. आम्हा पोरांसाठी मात्र तो वडखळ नाक्यापर्यंतच होता, कारण तिथून उजवीकडे वळलं की अलिबाग आणि पुढे समुद्र. आमच्याकडे खाडी होती, चिखल होता, निवट्या होत्या, भातशेती होती. समुद्र नव्हता. म्हणून त्याची ओढ जरा जास्तच.

आकाशाखाली रात्र काढायची सवय मात्र गावानेच लावली. भात कापून झाला, थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पातेरा रचून जाळ करायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते लागलीच चुरचुरून उडालं, की झाली पोपटी. त्या शेकोटीशी गप्पा मारत मध्यरात्र होई. ‘कॅम्पिंग’ हा शब्द आमच्यापर्यंत बऱ्याच उशिरा आला. तो आला तेव्हा आम्हाला त्यात नवं एवढंच वाटलं, की शेताच्या जागी वाळू असते.

पहिला तंबू १९९४च्या डिसेंबरात नागावला लागला. तंबू म्हणजे मालवाहू गाडीची जुनी ताडपत्री, चार बांबू आणि सुतळी. सोबत रॉकेलचा स्टोव्ह, तांदूळ, सुकट आणि बत्ती. एसटीच्या टपावर हे सगळं चढवून आम्ही सहा जण निघालो. त्या काळी नागाव, आक्षीकडे मुक्कामाला येणारे थोडे होते. किनाऱ्यालगत सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीत घर. वाडीतल्या आजींनी विहिरीचं पाणी दिलं, पोफळीच्या सावलीत आंघोळीला जागा दिली आणि दुसऱ्या दिवशी जेवायलाही घातलं. पैसे विचारले तर रागावल्या.

दोन वर्षांनी, १९९६ला, तिथेच आम्ही आयुष्यभराचा धडा घेतला. दत्तजयंतीचा दिवस होता. संध्याकाळी सहाला पोहोचलो तर समुद्र पार लांब गेलेला. समोर नुसती सपाट, ओली, चकचकीत वाळू, आणि तीवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी. सुरूच्या बनात डास असतात म्हणून आम्ही उघड्यावर, चांगलं पुढे जाऊन तंबू ठोकला. रात्री दहाच्या सुमारास होड्यांकडे निघालेले एक कोळीबाबा थांबले. कंदील वर धरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. “पोरांनु, आज पुनव हाय. पानी येल वर.” आम्ही म्हटलं, समुद्र तर कुठच्या कुठे आहे. ते काहीच बोलले नाहीत. वाकले आणि स्वतःच खुंट्या उपटू लागले. मग आम्हीही लागलो. बाराच्या आत तंबूच्या जागेवर कमरेएवढं पाणी होतं, आणि आमची राहिलेली एक चप्पल त्यावर तरंगत होती.

त्या रात्री बाबांनी हिशेब शिकवला. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल ती भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. भरतीपासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खोलही उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागून येतं, एवढंच यामागचं शास्त्र. थोडाफार वेळ इकडेतिकडे होतो, पण तंबूची जागा ठरवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. भ्रमणध्वनीवर आज मिनिटासकट तक्ता मिळतो. तरीही मी आधी बोटांवर हिशेब करतो, मग तक्ता बघतो.

त्यानंतर आमच्या सहली या हिशेबाने ठरू लागल्या. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं भर समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाडीही जाते, आणि भरतीला होडी लागते. अष्टमी-नवमीला गेलात तर दुपारी ओहोटी असते. निवांत चालत जा, आतला राघोजी आंग्र्यांच्या काळातला सिद्धिविनायक बघा, गोड्या पाण्याचं टाकं बघा. पौर्णिमेला दुपारी बाराला गेलात तर किल्ल्याभोवती समुद्रच भेटेल. लोक शनिवार-रविवार बघून निघतात. समुद्राला वार माहीत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं आम्ही हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेलो. लग्नं झाली, तंबूची संख्या वाढली, ताडपत्रीच्या जागी घडीचे तंबू आले. आक्षीला थंडीत उतरणारे कुरवांचे थवे पाहिले. तिथलाच शके ९३४चा शिलालेख मराठीतला सर्वांत जुना मानला जातो. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो रस्त्याकडेला ऊनपाऊस खात उभा होता, आणि मला त्याची लाज वाटली होती. रेवदंड्याला पोर्तुगीज तटाच्या आत सगळं गावच वसलेलं आहे. शेजारच्या चौलच्या बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक वेगळी बोली घराघरांत बोलतात. इतक्या जवळ राहून मला ती वयाच्या पस्तिशीत पहिल्यांदा ऐकू आली. गड उतरताना दोन बायका मासे निवडत बोलत होत्या. सूर ओळखीचा, शब्द मात्र एकही कळेना.

मुरूडबद्दल लिहिताना हात जड होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाणं हा या साऱ्या किनाऱ्यावरचा सर्वांत देखणा प्रवास आहे, आणि समोर शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग आहे. मुलांना तो इतिहास पुस्तकाआधी पाण्यावर भेटला. पण याच मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ला सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या वर्षी आमचा तंबू कुठेच लागला नाही. मुलांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. काशीद, मुरूड, हरिहरेश्वर, सगळीकडे अशा घटना आधीही झाल्या होत्या आणि नंतरही झाल्या. पाणी गुडघ्याएवढं दिसतं. पायाखालची वाळू सरकते, परतणारी लाट ओढते, आणि ज्याला ते माहीत आहे तो माणूस दोनशे पावलांवर जाळं विणत बसलेला असतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

आगरदांडा ते दिघी फेरीबोटीने गाडीसकट जाता येऊ लागलं आणि आमचं श्रीवर्धन तालुक्यातलं येणंजाणं वाढलं. दिवेआगरचा किनारा लांबलचक, केवड्याचं बन मागे. तिथे १९९७ला वाडीत सोन्याचा गणपती सापडला, २०१२ला दरोडा पडून तो गेला, दोन पहारेकरी मारले गेले. त्या काळात गाव सुन्न होतं. खानावळीत जेवण वाढणारी माणसंही बोलत नसत. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. आमच्या ताफ्यातली गाडी त्यावर कधीही एका दमात गेली नाही, कोणी ना कोणी थांबवायचंच. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते. लाटांनी ते खडक मधाच्या पोळ्यासारखे कोरले आहेत. ती वाट ओहोटीचीच. भरतीला तिथे पाऊल टाकू नये, आणि कोणी टाकलं तर त्याला हात धरून मागे आणावं.

या साऱ्या वर्षांतली एक रात्र निवडायची झाली तर मी वेळासची निवडेन. बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्हीकुत्री नेत. आता गावची माणसं पहाटे पावलांचा माग काढतात, अंडी कुंपणात हलवतात, आणि दीडेक महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. आम्ही तिथे तंबू लावला नाही. गावात घरी राहिलो, कारण किनाऱ्यावर उजेड केला तर पिल्लं वाट चुकतात. पहाटे धाकटी माझ्या खांद्यावर होती. टोपली उचलली आणि तळहातापेक्षा लहान पिल्लं ओल्या वाळूवरून निघाली. एक लाट आली, त्यांना परत फेकून गेली. ती पुन्हा निघाली. दोन-अडीचशे माणसं दोरीमागे उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. टाळेबंदी होती, त्यामुळे आम्हाला जायला काही महिने लागले. दिवेआगर, श्रीवर्धन, नागाव, जिथे जिथे तंबू लावला होता तिथलं सुरूचं बन आडवं झालेलं. वाड्यांतल्या पोफळी मधूनच मोडल्या होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ लावल्यापासून हाताला पीक लागायला सहा-सात वर्षं जातात. पहिल्या मुक्कामाला ज्यांनी पाणी दिलं होतं त्या आजी तेव्हा नव्हत्या. त्यांच्या मुलाने मोडलेली झाडं मोजून दाखवली. मोजताना तो प्रत्येक झाडाला हात लावत होता.

आता किनारा पुन्हा भरला आहे. अलिबागकडे मुंबईहून मांडव्याला २०२०पासून रो-रो बोट येते. जानेवारी २०२४ला अटल सेतू सुरू झाला आणि तिथून उतरलेल्या गाड्या आमच्या फाट्यावरूनही कोकणात वळतात. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायचं काम २०११ला सुरू झालं आणि आमच्या मुलांचं सगळं बालपण त्या खड्ड्यांतून गेलं. गावच्या भातखाचरांच्या जागी कंटेनरची आवारं आली, तरी थंडीत पोपटी अजून लागते. नागाव, रेवदंडा, काशीदला भाड्याचे तंबू ओळीने उभे असतात, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. वादळानंतर अनेक वाड्यांची चूल या तंबूंवर पेटली. तक्रार आहे ती वाळूवर चालवलेल्या गाड्यांबद्दल, पहाटेपर्यंत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकांबद्दल, फुटलेल्या बाटल्यांबद्दल. ज्या वाळूत अनवाणी पोर धावतं आणि कासव अंडी घालतं, तिथे काच टाकणारा माणूस पाहुणा नव्हे.

गेल्या हिवाळ्यात थोरल्याने स्वतःच्या मित्रांबरोबर नागावला जायचं ठरवलं. निघण्याआधी त्याने भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेतली, दशमी म्हणाला, म्हणजे साडेसात, आणि तंबू बांधायला लागला. मी काही बोललो नाही.

येत्या थंडीत तुम्हीही पळस्प्यावरून उजवीकडे वळाल. निघण्याआधी वाराबरोबर तिथीही बघा. आणि पोहोचलात की खुंटी ठोकण्याआधी, मुलांना पाण्यात सोडण्याआधी, किनाऱ्यावर जो कोळी, जी कोळीण भेटेल त्यांना विचारा की पाणी आज कुठवर येणार आहे. ते सांगतील.