पत्रिकेतले ‘काका’ कुठे अडकले?

समजा, इंझोरीतल्या एका घरी लग्न आहे. थोरल्याच्या लग्नपत्रिकेची जुनी फाइल पेनड्राइव्हवर आहे. धाकटीची पत्रिका कारंज्यातल्या दुसऱ्या दुकानात करायची. नावं आणि तारीख बदलली की झालं. पण तिथं फाइल उघडताच गणपतीच्या चित्राखाली नुसता रोमन अक्षरांचा चुरा दिसतो. घरचे पुन्हा पहिल्याच दुकानाची पायरी चढतात.

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. जुन्या फॉन्टांत या अंकांसाठी जेमतेम 256 जागा होत्या. त्यामुळे फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव फॉन्टमध्ये छोट्या ‘डी’च्या जागी क, तर छोट्या ‘के’च्या जागी काना. पडद्यावर ‘काका’ दिसले, तरी फाइलमध्ये ‘डी-के-डी-के’ एवढंच असतं, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच दिसतं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांची मांडणी आणखी वेगळी. भारताने 1991 मध्ये ‘इस्की’ हे समान मानक ठरवलं, त्याच वर्षी प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरी छापखान्यांतला कारभार पुढेही जुन्याच फॉन्टांवर चालत राहिला.

याचं मोठं कारण पेजमेकर. ऑल्डस कंपनीने 1985 मध्ये काढलेलं हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर 1994 मध्ये ॲडोबीकडे गेलं. ते चांगलंच होतं, म्हणून डीटीपी करणाऱ्यांचे हात त्यावर बसले. पण 2001 ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली, आणि युनिकोड देवनागरी पेजमेकरला कधी आलीच नाही. त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अंगभूत जुळणी आली ती 2012 च्या सीएस6 पासून. लगेच 2013 मध्ये नव्या आवृत्त्या वर्गणीवर गेल्या. हंगामात चार पैसे मिळवणाऱ्या दुकानाला दरमहा वर्गणी जड जाते. मग जुना संगणक, जुनं विंडोज आणि पेजमेकर सांभाळणंच परवडतं.

स्क्रायबससारखं मोफत सॉफ्टवेअर असूनही ते घेणारे कमी, याचं कारण मला इथंच दिसतं. नव्या प्रतिस्पर्ध्याला चांगलं असून भागत नाही. दुकानातल्या शेकडो जुन्या फाइली, ऑपरेटरची सवय आणि ‘पेजमेकरचीच फाइल पाठवा’ म्हणणारा शहरातला छापखाना, या तिघांना पुरं पडावं लागतं. अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. जितके जास्त लोक एकाच सॉफ्टवेअरवर, तितका तो प्रत्येकासाठी वाढतो. 2001 नंतर पेजमेकर टिकला तो गुणांपेक्षा या खर्चाच्या जोरावर.

युनिकोडमध्ये ‘क’चा अंक ठरलेला आहे: 0915. फॉन्ट कोणाचाही असो, तो बदलत नाही. पत्रिका करायला द्याल तेव्हा पीडीएफसोबत मजकुराची युनिकोड प्रतही मागून घ्या, आणि ती दुकानातच मोबाइलवर उघडून पाहा. तिथं ‘काका’ दिसले पाहिजेत.