फिशरने आपली नेहमीची चाल बदलली तेव्हा...

१९७२ मध्ये रेक्याविकला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत रंगली होती. पाच डावांनंतर अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की बरोबरीत होते. पांढऱ्या मोहऱ्या असल्या की फिशर बहुतेक वेळा राजापुढचं प्यादं आधी सरकवायचा. सहाव्या डावात मात्र त्याने वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं काढलं आणि डाव 'क्वीन्स गॅम्बिट'मध्ये नेला. या ओपनिंगमध्ये पांढरा खेळाडू हे प्यादं पणाला लावून पटाच्या मध्यावर ताबा मिळवू पाहतो. स्पास्कीने आपला भरवशाचा टार्टाकोवर बचाव वापरला, पण फिशरने तोच भेदला. ४१व्या चालीला स्पास्कीने हार मानली. प्रेक्षकांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या. फिशरला मिळालेली ही आघाडी शेवटपर्यंत टिकली आणि तो जगज्जेता झाला.