खालच्या खणांतलीं पुस्तकें

सांगलीच्या गांवभागांत आमचें घर आहे. सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला जो महापूर आला, त्याचें पाणी आमच्या माजघरांत कमरेइतकें चढलें आणि कांहीं दिवस तसेंच राहिलें. २००५ च्या पुरांत तें ओसरीच्या पायऱ्यांवरूनच मागें फिरलें होतें. त्या भरंवशावर आम्हीं भांडीं, अंथरुणें आणि कागदपत्रें तेवढीं माडीवर नेलीं. पुस्तकांचें सागवानी कपाट मात्र जेथल्या तेथें राहूं दिलें. मिरजेहून परत आल्यावर फुगलेलीं दारें सुताराकडून उघडवून पाहतों तों वरचे तीन खण कोरडे, आणि खालच्या दोन खणांत नुसता लगदा!

हें कपाट आमच्या मामंजींनीं लावलेलें. सर्वांत वर ज्ञानेश्वरी, दासबोध, तुकोबांची गाथा. त्याखालीं 'गीतारहस्य' आणि इतिहासाचे खंड. तिसऱ्या खणांत कोश व कायद्याचीं पुस्तकें. खालचे दोन खण 'इतर' पुस्तकांचे. कादंबऱ्या, विनोद, आठवणी, पाकशास्त्र, मासिकांचे बांधून ठेवलेले अंक, आणि बायकांनीं लिहिलेलें जें कांहीं घरांत होतें तें सर्व या 'इतरां'त. ही व्यवस्था कोणीं कधीं बोलून दाखविली नव्हती व तिला कोणाची हरकतही नव्हती. १९७१ सालीं मी या घरांत सून म्हणून आलें, तेव्हांपासून तीच पाहत आलें.

त्या दिवाळीला सगळीं माणसें जमलीं असतां धाकट्या भावजींनीं एक युक्ति काढली. पुस्तक घरांत आहे कीं बुडालें याचा विचार न करतां, आपल्या घरांत असावींच अशीं पांच पुस्तकें प्रत्येकानें लिहून द्यावीं. सतरा माणसांच्या सतरा याद्या झाल्या. वरच्या तीन खणांतलीं दोनच नांवें त्यांत आलीं, गाथा आणि मोल्सवर्थचा कोश. बाकीचीं सर्व बुडालेल्या खणांतलीं, किंवा त्या कपाटांत कधींच नसलेलीं! भावजी याद्या वाचीत होते आणि वर भिंतीवर मामंजींची तसबीर होती. मला उगीचच तिकडे पाहवेना.

त्या याद्यांतलीं पुस्तकें मिळवून मी एकेक वाचीत आलें आहें. कांहीं पन्नास वर्षांनीं पुन्हां, कांहीं प्रथमच. मी समीक्षक नव्हे. तरी वाचून जें वाटलें तें लिहितें. थोरामोठ्यांच्या ग्रंथांविषयीं चुकून अधिकउणें झालें तर वाचकांनीं तें एका घरगुती बाईचें बोलणें समजावें.

प्रथम एक कबुली देऊन टाकतें. 'गीतारहस्य' मीं पुरतें वाचलेलें नाहीं. १९१५ सालीं निघालेल्या या ग्रंथाचा आमच्याकडे इतका दरारा कीं, धूळ पुसतांनाही तो दोन्ही हातांनीं उतरवावयाचा. मामंजींनीं तो दोनदां वाचल्याच्या खुणा समासांत आहेत. माझी मजल दुसऱ्या प्रकरणापुढें गेली नाहीं. पण खरें कधीं बोलूं नये, हिंसा कधीं टळत नाहीं, अशा पेंचांचें तें कर्मजिज्ञासेचें प्रकरण मीं कादंबरीसारखें रंगून वाचलें. पुढचें समजत नाहीं हें इतकीं वर्षें बोलून दाखविण्याचा धीर झाला नव्हता एवढेंच.

सर्वांत अधिक, म्हणजे नऊ याद्यांत, नांव होतें तें लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चें. १९३४ पासून हें पुस्तक भागाभागानें निघालें. मामंजींचें त्याविषयीं मत असें कीं, पुस्तक गमतीचें आहे परंतु मुलींच्या हातीं देण्यासारखें नाहीं. सासूबाईंनीं तें वर्तमानपत्राचें वेष्टण घालून वाचलें व मला दिलें तेंही वेष्टणासहच. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून आरंभ होतो आणि पहिल्या कांहीं पानांतच हंसूं येऊं लागतें. मग ध्यानांत येतें कीं, ज्या घराला आपण हंसतों त्या घरांत एक लहान मुलगी दिवस काढते आहे. पुढें तो लहरी, कवि, हातचें सर्व देऊन टाकणारा नवरा. १८९५ सालीं त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची वार्ता आली, त्यानंतरचीं पांचएक वर्षें एक बाई मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयानें राहते. आणि १९०० सालीं कोणाच्या आग्रहानें नव्हे तर स्वतःच्या विचारानें नवऱ्याच्या मार्गानें जाते.

या पुस्तकाची स्तुति करतांना 'साधें', 'भोळें', 'निर्व्याज' हे शब्द हटकून येतात. मला ते पटत नाहींत. कोणती गोष्ट कोठें थांबवावी हें जिला इतकें नेमकें कळतें ती भोळी कशी? नवऱ्याविषयीं तक्रारीचा एक शब्द न काढतां तिनें त्याची सगळी हकीकत सांगितली आहे, आणि वाचणाऱ्या प्रत्येक बाईला ती तक्रार ऐकूं येते! शिकलेल्या पुरुषानें असें लिहिलें असतें तर त्याला आपण कलावंत म्हटलें असतें. शेवटचा भाग मात्र उतरतो. १९३६ सालीं लक्ष्मीबाई गेल्या आणि अपुरें राहिलेलें त्यांच्या मुलानें पुरें केलें. हात बदललेला कळतो.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' विषयीं मला थोडें भीतभीतच लिहावें लागणार. १८९० पासून 'करमणुकीं'त क्रमशः येऊन १८९३ मध्यें पूर्ण झालेली ही कादंबरी मीं सोळाव्या वर्षीं वाचली तेव्हां डोळे सुजेपर्यंत रडलें होतें. यंदा रडूं आलें नाहीं. पूर्वार्ध मात्र पूर्वीपेक्षांही आवडला. माजघरांतलीं तीं बोलणीं, मुलीचें लहान लहान गोष्टींवरून हिणवलें जाणें, सासरीं आल्यावर कोणत्या दारानें जावें यावें हेंही न कळणें, हें सर्व एका पुरुषानें कोठें बसून ऐकलें असेल याचें नवल वाटतें. उत्तरार्धांत दुःखावर दुःख असें रचलें आहे कीं, शंकरमामंजी आले म्हणजे पुढें काय होणार हें आधींच कळतें. आणि रघुनाथराव! इतका समजूतदार नवरा निर्माण करावा आणि लगेच त्याला मारून टाकावें. तो जगता तर यमूचा संसार कसा झाला असता, दहा वर्षांनीं तोही कंटाळून तिच्यावर ओरडला असता काय, तें वाचावयास मला अधिक आवडलें असतें. माझ्या नातसुनेनें ही कादंबरी अर्ध्यावर सोडली. तिला मीं दोष दिला नाहीं. पूर्वार्ध तेवढा वाचून घे म्हटलें.

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, यादींत पहिला होता. वरसईचा एक गरीब भिक्षुक घरचें कर्ज फेडण्याच्या आशेनें १८५७ सालीं काकांबरोबर उत्तरेकडे दक्षिणा मिळवावयास निघतो आणि बंडांत सांपडतो. १९०७ मध्यें चिंतामणराव वैद्यांनीं तें हस्तलिखित आपल्या हातानें नीटनेटकें करून छापलें; मूळ जसेंच्या तसें वाचावयास मिळालें तें दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं काढल्यावर. यांना त्यांत झांशीची राणी दिसते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं थकून आलेली राणी विद्वान् ब्राह्मणाला पाणी काढूं न देतां स्वतः काढते, तो भाग हे घरांत मोठ्यानें वाचून दाखवीत. मला त्या पुस्तकांत दिसतो तो हिशेब. कोणीं किती दक्षिणा दिली, कोठें काय जेवावयास मिळालें, लुटारूंनीं काय नेलें. शहर जळत असतां हा मनुष्य भुकेचें आणि पैशाचें इतकें खरें बोलतो म्हणूनच त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही माझा विश्वास बसतो. शेवटीं घरीं काय आलें, तर आईबापांसाठीं कावडींतून आणलेलें गंगेचें पाणी. कर्जाचें ओझें होतें तसेंच.

आतां पाकशास्त्र. लक्ष्मीबाई धुरंधरांचें 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया', १९१० सालचें. आमच्या आजेसासूबाईंनीं कोणाकडून तरी मिळविलेली प्रत. पुस्तक पाठारे प्रभूंच्या स्वैंपाकघरांतलें असल्यामुळें त्यांत मासे, मांस, अंडीं यथास्थित होतीं. सासूबाईंनीं तीं सारीं पानें जाड दोऱ्यानें टांचून टाकलीं होतीं व मधलें पुस्तक सोंवळ्यांत चालवून घेतलें होतें. पुरानंतर त्या पुस्तकाचा लगदा झाला. पण टांचलेला गठ्ठा घट्ट असल्यानें आंत पाणी फारसें शिरलें नव्हतें. उन्हांत वाळविल्यावर अक्षरें स्वच्छ वाचतां येऊं लागलीं! तेव्हां हल्लीं आमच्या शाकाहारी घरांत या ग्रंथाचा जेवढा भाग शिल्लक आहे तो सगळा माशांचा. जाऊबाई तो कौतुकानें पाहुण्यांना दाखवितात. रोजच्या उपयोगाला १९७० ची कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आहे. तिच्यांतील वाट्या-चमच्यांच्या मापांनीं मुंबईपुण्याच्या एकट्या संसारांतल्या किती मुलींची लाज राखली असेल! पण वाचावयाला बसावें असें पुस्तक तें नव्हे. जुन्या पुस्तकांत एक मोठें घर, पंगती आणि खटपटीचा थाट दिसे.

'चिमणराव' सर्वांनाच हवा होता. त्याविषयीं लिहून त्याची मौज कमी करीत नाहीं.

इरावतीबाई कर्व्यांच्या 'युगान्ता'वरून (१९६७) मात्र आमच्याकडे भांडण झालें होतें. भीष्मानें दुसऱ्यांसाठीं बायका आणल्या आणि त्या बायकांचें काय झालें हें विचारलेंच नाहीं, हें वाचून दाखवितांच सासूबाई जेवणावरून उठल्या. दोन दिवसांनीं त्यांनींच पुस्तक मागून घेतलें. "बाई शिकलेली आहे, पण बोलते तें खोटें नाहीं," एवढेंच म्हणाल्या. मला स्वतःला इरावतीबाईंचा निकाल देण्याचा सूर कधीं कधीं फार कठोर वाटतो. परंतु खांडववन जळतांना आंत कोण होतें हें त्यांच्याआधीं मला कोणीं विचारावयास लावलें नव्हतें.

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' प्रत्येक पिढीला आम्हीं वाचून दाखविली. यंदा एकटीनें वाचली तेव्हां वाटलें कीं, हें पुस्तक आम्हीं मुलांना अर्धेंच दिलें. मुक्या कळ्या तोडूं नयेत, पोहावयास भिऊं नये, हें सर्व सांगितलें. पण पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जाचा आहे. सावकाराचा माणूस दारांत बसून बोलतो, वडिलांची अब्रू जाते आणि ती बाई त्यानेंच खचत जाते. मुलें रडतील म्हणून तीं प्रकरणें आम्ही गाळीत होतों, कीं आमच्या मामंजींच्या वडिलांचा धंदाही व्याजबट्ट्याचाच होता म्हणून? दुसरी एक गोष्ट. म्हातारी महारीण मोळी उचलूं शकत नाहीं, तेव्हां आई श्यामला ती उचलून द्यावयास सांगते, आणि मग घरीं येऊन अंघोळ करावयास सांगते. पहिला भाग मुलांना आम्हीं नेहमीं वाचून दाखवीत असूं. अंघोळीचें वाक्य आलें कीं आवाज थोडा खालीं जाई.

हें मला आतां कळतें, कारण त्याच हिवाळ्यांत मीं दया पवारांचें 'बलुतं' वाचलें. १९७८ सालीं निघालेलें हें पुस्तक आमच्या कपाटाच्या कोणत्याच खणांत नव्हतें. मुलगी कॉलेजांत असतांना तिनें तें वाचनालयांतून आणून माझ्या उशाशीं ठेविलें होतें. मीं चार पानें चाळून परत दिलें. भाषा फार शिवराळ आहे असें कांहीं तरी म्हणालें. तें मत नव्हे, सबब होती. तिच्या यादींत पहिलें नांव तेंच होतें, आणि कागद माझ्या हातीं देतांना ती कांहीं बोलली नाहीं.

दगडू आपली गोष्ट दया पवारांना सांगतो. म्हणजे गांवाकडचा तो मुलगा आणि शहरांत शिकून लेखक झालेला हा मनुष्य एकच, पण दोघांना एकमेकांची थोडी लाज वाटते. महारवाडा, बलुत्याचा वांटा, भूक, मुंबईचा कावाखाना, तेथल्या बायका. लेखक कोणालाच सोडीत नाहीं, आणि आपण बायकोशीं कसे वागलों हें सांगतांना स्वतःलाही नाहीं. पुस्तकाची बांधणी विस्कळित आहे. माणसें येतात आणि पुन्हां भेटत नाहींत, काळ मागेंपुढें होतो. हा दोष मला शेवटपर्यंत जाणवला. तरी दोन रात्रींत मीं तें संपविलें.

माझें माहेर कृष्णाकांठच्या एका खेड्यांतलें. सणाच्या दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला परसदारीं एक बाई येई. आजी तिच्या पदरांत शिळ्या पोळ्या वरून टाकी. माझें काम कंदील धरण्याचें; आणि कंदील तिच्या फार जवळ नेला तर आजी रागावे. त्या बाईचें नांव मला ठाऊक नव्हतें. तोंडही आठवत नाहीं, पसरलेला पदर तेवढा आठवतो. 'बलुतं' वाचतांना साठ वर्षांनीं मला कळलें कीं, ती बाई घरीं गेल्यावर तेथें मुलें वाट पाहत बसलेलीं असत, आणि तीं मुलें माझ्याच वयाचीं होतीं. 'स्मृतिचित्रें' वाचून मीं स्वतःला लक्ष्मीबाईंच्या जागीं सहज ठेविलें होतें, यमूच्याही. या पुस्तकांत माझी जागा ठरलेली होती, ती कंदिलाजवळची.

हें मीं मुलीला दूरध्वनीवर सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, "आई, हें तूं लिहून ठेव." म्हणून हा लेख.

नवें लोखंडी कपाट आतां माडीवर आहे. पुस्तकें त्यांत कोणत्या क्रमानें लावावीं याचा निकाल भावजी आणि जाऊबाई यांच्यांत अद्याप लागलेला नाहीं. तोंवर बरींचशीं झोपाळ्यावरच पडून असतात. 'बलुतं'ची प्रत पुतण्याच्या बायकोनें नेली, तिनें ती ऑफिसांतील मैत्रिणीला दिली, आणि ती कांहीं परत आली नाहीं. दुसरी मागविली आहे.