फाल्गुनरावाचं फ्रेंच आजोळ

मनोरीहून बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग पाहायला जायचं, तर मध्यंतरापासूनच परतीच्या बोटीची काळजी लागते. मार्व्याची बोट हुकली की उत्तन-भाईंदरचा वळसा. त्यामुळे खाडीअलीकडच्या आम्हा मंडळींची बरीचशी नाटकं वाचूनच होतात. जुनी नाटकं अशी वाचत गेलं की लक्षात येतं, मराठी रंगभूमीवर फ्रेंच पाहुण्यांचं येणं-जाणं फार जुनं आहे.

त्यात पहिला मान मोलिएरचा. नवऱ्याच्या मारहाणीचा सूड म्हणून बायको त्या लाकूडतोड्याला वैद्य ठरवते आणि चोपल्याशिवाय तो कबूल होत नाही असं सांगून मोकळी होते. या फार्सावरून हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ लिहिलं. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांपुढे त्यांचं हे काम कुणाला आठवत नाही. अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ही मोलिएरच्याच कंजुषावरून. मूळ नाटकात पेटी चोरीला गेल्यावर हा कंजूष चोर म्हणून स्वतःचाच दंड धरतो, तो प्रवेश वाचतानाही हसू आवरत नाही.

खरा मुरला तो ‘संशयकल्लोळ’. मोलिएरचं 1660 चं नाटक, त्यावरून आर्थर मर्फीचं 1761 चं इंग्रजी नाटक आणि त्यावरून देवलांचा फाल्गुनराव. घेरी आलेल्या तरुणीला नवरा सावरतो, ते बायको पाहते. तिच्या हातून पडलेली तसबीर बायको उचलते, ते नवरा पाहतो. एवढ्या भांडवलावर सगळा घोटाळा! देवलांनी त्यात पदं घातली आणि 1916 मध्ये, ते गेले त्याच वर्षी, गंधर्व मंडळींनी नाटक संगीत करून आणलं. गणपतराव बोडसांपासून प्रशांत दामल्यांपर्यंत फाल्गुनराव काही म्हातारा झाला नाही.

पण नवऱ्याचा हाच संशय गंभीरपणे मांडणारं नाटक आपण कपाटात ठेवून दिलं. कुसुमाग्रजांचं ‘वैजयंती’ (1950) हे मेटरलिंकच्या 1902 च्या ‘मोना व्हाना’वरून बेतलेलं. मेटरलिंक बेल्जियमचा, लिहायचा फ्रेंचमध्ये. पिसा शहराला वेढा पडलाय, लोक उपाशी आहेत. अंगावर फक्त एक झगा घालून मोना व्हानाने रात्री एकटीने तंबूत यावं, अशी शत्रूच्या सेनापतीची अट. ती जाते. तो तिला बोटही लावत नाही, उलट गावाला धान्य पाठवतो. परतल्यावर ती खरं सांगते, तर नवऱ्याला ते पटत नाही. शेवटी त्या सेनापतीचा जीव वाचावा म्हणून ती खोटं बोलते, आणि ते मात्र नवऱ्याला लगेच पटतं.

असा शेवट मिळायला नटीचं नशीब लागतं. कुसुमाग्रजांनी फ्रेंचमधून ‘बेकेट’ही आणलं, मूळ आनुईचं, पण ती दोन पुरुषांची झुंज. जुनं काही उकरून काढायचंच असेल तर माझं मत ‘वैजयंती’ला. आणि जमलं तर दुपारचा प्रयोग लावा.