जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स ओळखताना

जुनी मारुती व्हॅन घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की नोंदणी पुस्तकात चेसिस व इंजिन यांचे क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे तो बदललेला असल्यास कागदोपत्री माग लागत नाही. १९८४ मध्ये आलेल्या, ७९६ सीसीच्या या गाडीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असून त्याची शक्ती प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गाडीखालून जाणारा फिरता दंड, मागील चाकांकडे नेतो. गिअरबॉक्स चार गिअरचा की पाच, हे ठरवताना गिअरच्या मुठीवरील आकड्यांवर विसंबू नये, कारण मूठ सहज बदलता येते. भरवशाचा पुरावा गुणोत्तराचा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिन किती फिरते याचा. मागील दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलून, पुढच्या चाकांना अडण लावून व स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवल्यास हे फेरे मोजता येतात. अशा रचनेत चौथा गिअर सामान्यतः थेट असतो, म्हणजे दोन्ही फेरे समान भरतात. पाचवा असल्यास शाफ्ट इंजिनहून जलद फिरतो. गिअरबॉक्स उतरवलाच असेल, तर आवरणावर ओतलेला क्रमांक आणि क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दंडावरील दाते टिपून घ्यावेत, कारण दात्यांची संख्या किंवा जाडी जुळली नाही तर नवी प्लेट बसतच नाही.