विश्लेषण : इअरफोन जोडल्याशिवाय फोनवर एफएम का लागत नाही?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. खांब कोसळले, वीज गेली, मोबाइल नेटवर्कही बंद पडले. अशा वेळी उपयोगी पडतो तो रेडिओ. फोनमधील एफएमची सोय बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये उत्पादकांना केली. मात्र एफएम सुरू करताच फोन आधी इअरफोन जोडायला सांगतो. असे का?

वायरचे काम काय?
इअरफोनची वायर हीच एफएमची अँटेना असते. रेडिओलहरी सेकंदाला ३० कोटी मीटर जातात. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १० कोटी कंपने. भागाकार केला की लहरीची लांबी ३ मीटर येते. चांगल्या ग्रहणासाठी वायर साधारण पाव लहरीएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटर हवी. ती फोनमध्ये मावत नाही. ब्लूटूथची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून तिची अँटेना आतच बसते.

सुरुवात कुठून झाली?
जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये तारांच्या साध्या अँटेनांनी रेडिओलहरी सिद्ध केल्या. इंग्लंडहून आलेला संदेश १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. तिथली अँटेना म्हणजे पतंगाने उंच नेलेली तार!

गणित अवघड का?
तारेच्या प्रत्येक भागातील विद्युतप्रवाहाचा परिणाम इतर सर्व भागांवर होतो. त्यामुळे कुठे किती प्रवाह आहे, हे साध्या सूत्राने सांगता येत नाही. ब्रिटिश गणितज्ञ हेन्री पॉकलिंग्टन यांनी १८९७ मध्ये त्यासाठी समीकरण मांडले. बारीक तारेत प्रवाह छेडलेल्या तंबोऱ्याच्या तारेसारखा पसरतो : टोकांना शून्य, मध्ये लाटेसारखा. १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक हालेन यांनी दुसरे समीकरण दिले. पुढे संगणक आले. तारेचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकातील प्रवाह अज्ञात मानायचा आणि दहावीत शिकतो तशी एकसामयिक समीकरणे सोडवायची. अर्थात शेकड्यांनी! रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या पुस्तकाने ही पद्धत रूढ केली.

तुम्ही काय कराल?
मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करून एफएम लागतो का, ते आजच तपासा. लागत असेल तर वायरचा इअरफोन टॉर्चजवळ ठेवा. आवाज स्पीकरवर घेतला तरी वायर काढू नका. गुंडाळून न ठेवता मोकळी सोडा.